तीन कप, अर्धेच भरलेले

अशा पुढे सरकून बसा, मागे आवाज पोचायचा नाही. घाटकोपरच्या एका बाईने ओट्स कसे शिजवले, एवढीच गोष्ट आहे. आत्ता हसू येत असेल तर हसून घ्या.

"भाऊ, आजही खाल्लं नाहीत?" दुपारी घरात पाऊल टाकताच अनुपमाने टेबलावरच्या पातेल्याचं झाकण उचललं. लापशी ठेवली तशीच होती.

"रात्रीची ना ती? शिळं मी खात नाही, अनू. माहितीये तुला."

भाऊ म्हणजे तिचे सासरे. वय एक्क्याऐंशी. बँकेतली नोकरी सांभाळून चाळीस वर्षं कीर्तनं केलेला माणूस. त्यांना शब्दांत पकडायला जावं, तर आपणच अडकावं. अनुपमा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. सव्वासहाला घर सोडायचं. तिच्याबरोबरच मुलगी सई शाळेला निघायची. नवरा हर्षद जहाजावर, आठ-आठ महिने. सकाळी घरात भाऊ एकटे. मधुमेहाची गोळी घ्यायचे आणि उपाशी बसून राहायचे. दोनदा चक्कर येऊन पडले. एकदा तर अनुपमाने चारला उठून ताजा सांजा केला, पातेल्यातच झाकून ठेवला. तोही तसाच. "आज इच्छाच नव्हती गं," भाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठच्या आत यांच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर यांना एकटं ठेवू नका. अनुपमाने राजीनामा लिहिला. चौदा वर्षांची नोकरी चार ओळींत संपली. कागद पर्समध्ये ठेवला, महिनाअखेरीस द्यायचा म्हणून.

त्याच आठवड्यात तिने मैत्रिणीकडून स्लो कुकर आणला. विजेवर चालणारं, रात्रभर मंद आचेवर शिजवणारं भांडं. तळाशी पाणी, पाण्यात चिनी मातीचे तीन जाड कप. सईच्या कपात दूध आणि खजूर. तिच्या स्वतःच्या कपात सफरचंदाच्या फोडी. भाऊंच्या कपात जिरं, किसलेलं आलं, मीठ. ओट्स घट्टच ठेवायचे आणि कप अर्धेच भरायचे. झोपण्यापूर्वी बटण दाबायचं, पहाटे सहाला बंद करायचं.

"आई, एकाच भांड्यात कर ना यार," सई कुरकुरली. "तीन-तीन कप कोण घासणार?"

"तू," अनुपमा म्हणाली.

पहिला दिवस रविवारचा. सगळी घरात. भाऊंनी कपात डोकावून पाहिलं.

"रात्री लावलेलं दिसतंय."

"भाऊ, अन्नाचं वय कधीपासून धरायचं? चुलीवर ठेवल्यापासून, की शिजल्यापासून?"

भाऊंनी डोळे मिटले. वाद रंगात आला की ते असेच मिटायचे. "शिजल्यापासून."

"हे सहाला शिजलं. आत्ता सात वाजलेत."

भाऊ खो-खो हसले. "हरवलंस गं मला! विठ्ठल, विठ्ठल!" आणि दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी सगळं संपवलं.

सोमवारपासून ती निघताना त्यांचा कप टेबलावर झाकून ठेवू लागली, चमचा आतच. दुपारी यावं तर कप चाटूनपुसून रिकामा. आठवडा गेला, महिना गेला. महिनाअखेर आली तशी गेली, राजीनामा पर्समध्येच राहिला. भाऊंच्या गालांवर तकाकी आली. बिल्डिंगमध्ये दिसेल त्याला सांगायचे, "आयुष्यात कुणाला हरलो नाही, सुनेला हरलो."

मग भाऊंची मुलगी रेवती डोंबिवलीहून चार दिवस राहायला आली. जीव लावणारी, पण स्वयंपाकघरात शिरली की तिथे तिचंच राज्य.

"अगं, एवढ्याशा ओट्ससाठी तीन कप? हॉटेल काढलंयस का? आज मी लावते, तू झोप जा."

तिने कप कपाटात ठेवले. ओट्स थेट कुकरच्या भांड्यात, तेच जिरं, तेच आलं. सकाळी सहाला शिजलेही मस्त. अनुपमा आणि सई गेल्या. रेवतीने भांडं टेबलावर ठेवलं, शेजारी वाटी आणि डाव. "भाऊ, आठला घ्या हं," असं सांगून ती साडेसातच्या प्रवचनाला गेली.

नऊला परतली, तर भाऊ खुर्चीत घामाघूम. जीभ जड झालेली. भांडं भरलेलं. रेवतीने धावत जाऊन साखरेचं पाणी केलं, घोट घोट पाजलं. जरा सावध झाल्यावर ते पुटपुटले, "शिळं होतं ते."

रेवती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि तिने लॅबमध्ये फोन लावला. आवाज चढलेला होता.

"हा काय हट्ट म्हणायचा, अनुपमा? तोच कुकर, तेच ओट्स, सहालाच शिजलेले. काल ताजं आणि आज शिळं? तूच कपाबिपांचे लाड करून ठेवलेयस!"

 पलीकडून अनुपमा अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, वाढून घेताना त्यांचा हात थरथरतो. सगळं सांडतं. कीर्तनात चिपळ्या हातात असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डाव हातात घेतला की येतं. एकट्या त्यांचाच कप केला असता तर त्यांना समजलं असतं, म्हणून मी तिघांचे करते. मला कळलंय, हे त्यांना कळू देऊ नका."

उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा या अनुपमाची एक आठवण काढा. भाऊंना मात्र यातलं काही सांगू नका.