अर्ध्या इंचाचे स्क्रू

तळहातावरच्या स्क्रूची लांबी तिने सवयीने नजरेनेच जोखली. जेमतेम अर्धा इंच. दिवसभर प्रयोगशाळेत मापं घेणाऱ्या बाईची नजर सहसा चुकत नाही. तिने स्वतः बसवलेले स्क्रू दीड इंचाचे होते.

आज घाईत कडी न काढताच तिने बाथरूमचं दार ओढलं, आणि चौकटीवरचा कोयंडा निखळून हातात आला.

ती सहा वर्षांची असताना पहिली फिट आली. त्याच आठवड्यात आईने या दाराची कडी उखडली. पुढची अठ्ठावीस वर्षं ती दार नुसतं लोटून अंघोळ करत आली, आणि बाहेर स्टुलावर बसून आई दर दोन मिनिटांनी विचारत आली, "आहेस ना गं?" चार औषधं झाली. आजाराने एकालाही भीक घातली नाही. डॉक्टर मेंदूचं ऑपरेशन सुचवत राहिले. "बघू" म्हणत तिने सहा वर्षं काढली. मग पाचव्या औषधाने फिट थांबल्या. "हुरळून जाऊ नका, ही उसंत तात्पुरतीही असू शकते," डॉक्टर म्हणाले. तरी वर्ष कोरडं गेल्यावर तिने नवी कडी बसवली. आईने स्टूल माळ्यावर टाकलं आणि संध्याकाळची फिरायला जाऊ लागली.

दोन महिन्यांपूर्वी, आई फिरायला गेलेली असताना, ती बाथरूमच्या ओल्या फरशीवर शुद्धीवर आली. जीभ चावलेली. तिने चूळ भरली आणि कुणाला काही सांगितलं नाही. नंतर आणखी दोनदा तसंच झालं. जखम दिसू नये म्हणून ती जेवताना बोलेनाशी झाली. घरात माणसं दोनच. ताटं वाजत, तेवढाच काय तो आवाज.

कोयंडा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

"हे एवढेसे स्क्रू कुणी लावले?"

भाजी निवडता निवडता आईने मान वर केली नाही. "मी. महिन्यापूर्वी आत पडलीस तेव्हा. किती धडका मारल्या मी! दार हलेना. आता एका धक्क्यात उघडतं."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू बाहेर आलीस ती गुणगुणत. म्हटलं, पोरगी एवढं नाटक करतेय, तर करू दे."

तिने वळून पाहिलं. स्टूल महिनाभरापासून पुन्हा बाथरूमच्या दाराशी होतं. त्यावर एक कुंडी. तिला वाटलं होतं, आईची नवी हौस. कुंडीतली माती कोरडी ठणठणीत होती, आणि स्टुलाशेजारच्या फरशीवर कुंडी रोज खाली उतरवून ठेवल्याचे गोल डाग होते.

तिने कोयंडा ओट्यावर ठेवला.

"आई, मी ऑपरेशन करून घेते. बाहेर बसशील ना?"