बेसमेंट रिकामं झालं

ओट्यावर ताटात ठेवलेला फोन खणखणला आणि दुपारची शांतता मोडली. क्रांती चौकाजवळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन श्रीनिवासकाकांचा मेसेज होता. बेसमेंट तपासायला बोलावलेल्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, की जोराचा पाऊस झाला तर रस्त्यावरचं पाणी उतारानं थेट आत शिरेल आणि बघता बघता कमरेएवढं होईल.

एरवी गळका नळ बदलायला आमची कमिटी सहा महिने घेते. बेसमेंटमधल्या गाड्या वर आणायचा निर्णय मात्र चहा निवायच्या आत झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या वर आल्या आणि मुलांच्या बागेत ओळीनं उभ्या राहिल्या. काकांच्या नव्या गाडीला तर झाडाखालची सावली मिळाली. घसरगुंडी आणि झोका उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते.

माझ्या शर्वीचा हात धरून मी काकांना विचारलं, "काका, मग पोरांनी खेळायचं कुठं?"

"अगं नीरजा, बेसमेंट रिकामंच झालंय की आता. झोका तिथंच बसवू, वर पंखा लावू. पोरं पावसात भिजायची पण नाहीत बघ."

"लई भारी, चेअरमनसाहेब," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

शर्वीनं माझं बोट ओढलं.



"आई, गाड्यांना पोहता येत नाही म्हणून वर आणल्या ना? मग मला तरी कुठं येतं?"