पंख्याचा कूलर

नवरा कॉम्प्युटर जोडून देण्याच्या धंद्यात मुरलेला. प्रोसेसर थंड ठेवायला तो गिऱ्हाइकांना पाण्याचाच कूलर घ्यायला लावायचा आणि पंख्याच्या कूलरची टिंगल करायचा. म्हणूनच घरांचे नकाशे काढणाऱ्या बायकोसाठी नवा कॉम्प्युटर जोडताना त्यानं खोक्यातून पंख्याचा कूलर काढला, तेव्हा ती बघतच राहिली. “माझ्याच नशिबी हा घरघऱ्या का रे?” तिनं हसत विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, “पाण्याचा पंप बिघडला की जाणकार माणूस लागतो. पंखा बिघडला तर चार स्क्रू काढायचे, नवा लावायचा. तुला एकटीला जमेल.” त्याच्यापाशी आता फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण दोघांनीही तो विषय काढला नव्हता. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेत ती म्हणाली, “मग आत्ताच शिकव. पण सावकाश, मला काही घाई नाही.”