पाहुण्यांचा परिचय

सुलेखाने लग्नातली पैठणी बाहेर काढली आणि अभयच्या पोटात दुखायला लागलं.

ब्रिटिश सैन्यातले ब्रिगेडियर अनीश टिपणीस कामासाठी सिंगापूरला आले होते आणि मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. परिचय करून द्यायला सुलेखाच, कारण दोघं इंग्लंडातल्या लेस्टरला एकाच गल्लीत वाढलेले. सैन्याच्या निवडचाचणीलाही बरोबर गेलो होतो, असं ती लग्नानंतर एकदा म्हणाली होती. अभयने तेव्हा हसून विषय बदलला होता. बँकेतली नोकरी नवी, डोक्यात नवा फ्लॅट.

आठवडाभर ती ओट्याशी उभी राहून पुटपुटत होती. सायप्रस, वायरलेस, नॉर्वेचा बर्फ. भाजी दोनदा करपली. नवऱ्याला बढती कधी मिळाली हे विचारा, सांगता यायचं नाही. आणि ह्या ब्रिगेडियरच्या बदल्या मात्र तोंडपाठ.

"बाबा, यू सो जेलस लाह," लेक अदिती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

सेरंगून भागातल्या हॉलमध्ये तो मुद्दाम पहिल्या रांगेत बसला. सुलेखाच्या हातात कागदसुद्धा नव्हता. लेस्टरच्या गल्लीपासून तिने सुरुवात केली. मग सायप्रसचं वायरलेस केंद्र, नॉर्वेच्या बर्फात तुटलेला संपर्क जुळवताना बधिर झालेली बोटं, पहिल्यांदा स्वतःची तुकडी समोर उभी राहिली ती सकाळ. सांगताना तिचा आवाज कापत होता. पाहुण्यांकडे तर ती बघतच नव्हती, नजर समोरच्या भिंतीवर. लाजतेय, अभयला वाटलं. ब्रिगेडियरही मान खाली घालून ऐकत होते. चोर कुठले.

घरी गेलं की विचारायचंच, त्याने ठरवलं. मनात अजून तोच आहे का? ती हो म्हणाली, तर उद्यापासून त्या घरात आपण कोण म्हणून राहायचं, हे मात्र त्याला सुचेना.

जेवणाच्या रांगेत ब्रिगेडियर नेमके त्याच्या पुढे आले. अभयने ताटात श्रीखंड वाढून घेतलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला, "हिला तुमचं सगळं पाठ आहे."

ब्रिगेडियरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अभयराव, मी पुरवठा खात्यातला माणूस. उभी नोकरी रेशन आणि लॉऱ्या मोजण्यात गेली. सायप्रस-नॉर्वे मी बघितलंसुद्धा नाही."

अभयने श्रीखंडाचा चमचा परत भांड्यात ठेवला.

"चाचणीहून परत येताना ट्रेनमध्ये तिनं हे सगळं मला सांगितलं होतं. आमच्या गटात सगळ्यांत वर तीच होती ना. सैन्यात गेल्यावर स्वतः काय काय करणार, ते सांगत होती." त्यांनी पोळी उचलली. "मग तुमचं स्थळ आलं."