रिछाईतली रिकामी जागा

या मंडळी, थोडं पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि शेवट हुकला तर मग मला विचारू नका. अधारतालच्या गौतमनं नोकरी बदलली, त्याची ही गोष्ट. देवाचं नाव घेऊन ऐका.

गौतमनं लॅपटॉप बायकोकडे वळवला. "झाला रेझ्युमे. पाहा."

क्षमानं वाचलं. तोट्यांची तपासणी, चौदा वर्षं. गळती शोधणे. मापं घेणे. दोन पानं भरून रिछाईतला नळांचा कारखाना, आणि अगदी तळाशी एक ओळ : छंद, कीर्तन.

"अर्ज कोणाकडे करून राहिले तुम्ही? नळवाल्याकडे का देवळात?"

अर्ज देवळातच होता. महाराजपुरातल्या दत्तमंदिराला कीर्तनकार हवा होता. पूर्णवेळ, मानधनावर. रोज संध्याकाळी मुलांना शिकवायचं, गुरुवारी कीर्तन करायचं. ट्रस्टनं रीतसर रेझ्युमे मागितला होता. गौतमला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

"सर्टिफिकेट नाही, काही नाही," तो म्हणाला. "जन्मभर तोट्याच तपासल्या. अजून काय लिहू?"

"कीर्तनात काय करता? पूर्वरंगात एक तत्त्व मांडता, अन् ते खरं कसं हे उत्तररंगात आख्यान लावून दाखवता. तसंच लिहा ना. नुसतं 'शिकवता येतं' नको. कसं शिकवलं ते सांगा."

गौतमला हसू आलं. नव्या कामगारांना माप शिकवताना त्यानं एकदा यशोदेची गोष्ट लावली होती. कृष्णाला बांधायला घेतलेला दोर दर वेळी दोन बोटं कमीच पडतो, ती. तेव्हापासून माप चुकलं की लाइनवर कोणी ना कोणी ओरडायचं, "दो उंगली कम!"

"हेच लिहा," क्षमा म्हणाली. "सगळ्यात वर."

तोट्या चार ओळींत आटोपल्या. कीर्तन वर आलं. दोन पानांचं एक पान झालं आणि त्या पानात गौतम दिसू लागला.

तेवढ्यात बाबाराव आले. गौतमचे वडील. याच कारखान्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. गौतमनं लॅपटॉप झटकन मिटला.

"काय चालून राहिलं?"

"काही नाही बाबा. सिनेमा पाहत होतो."

"हं." बाबाराव दारातच थांबले. "टाळ कुटून घर नाही चालत, एवढं ध्यानात ठेव. शंभर चकरा मारल्या मी साहेबांकडे, तेव्हा तुला तिथं चिकटवलं."

ते गेले. गौतमनं क्षमाकडे पाहिलं. "यांना कोणी सांगितलं?"

"मी नाही बापा!"

त्यानंतर जेवताना रोज चौकशी सुरू झाली.

"नवीन मशीन आली म्हणे तुमच्या लाइनवर. प्रेशर किती ठेवता?"

गौतमनं सांगितलं.

"अन् रिपोर्ट? अजून रजिस्टरातच का?"

"कम्प्युटरवर, बाबा. काहून विचारून राहिले?"

"असंच. चपाती वाढ."

स्वयंपाकघरात गौतम कुजबुजला, "परीक्षा घेऊन राहिले माझी. कामात मन आहे का नाही, ते पाहून राहिले."

"मग पास व्हा," क्षमा म्हणाली. "देवळाचं उत्तर येईपर्यंत तरी."

एका सकाळी बाबाराव इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. चष्म्याचा नंबर तपासायचा आहे म्हणाले. दुपारी लाइनवरच्या सचिननं गौतमला कोपरखळी मारली. "भैया, बाबूजी आये थे. बड़ी देर साहब के केबिन में बैठे रहे."

कारखान्याचा नियम जुना होता : जागेवर काम येणारा माणूस मिळेपर्यंत कोणाला सोडायचं नाही. मागं एकजण चार महिने लटकला होता. बाबांनी साहेबांच्या कानावर घातलं असेल, तर झालंच.

आठवड्यानं ट्रस्टचं पत्र आलं. निवड झाली होती. यशोदेची गोष्ट वाचून सगळे विश्वस्त हसले म्हणे. पण पहिल्या तारखेला रुजू व्हायचं, नाही तर नागपूरच्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावणार. मधे उरले अकरा दिवस.

गौतमनं दत्ताला हात जोडले आणि राजीनामा घेऊन विपुलसाहेबांच्या केबिनमधे गेला.

"बैठो भैया," विपुलसाहेबांनी कागद न वाचताच बाजूला ठेवला. "बाबूजी आये थे."

"मालूम है, सर."

"बहुत मिन्नत की उन्होंने. मैं तो ना ही बोल रहा था."

"सर, उनकी बात मत सुनिए. मेरी ज़िंदगी का सवाल है."

"सुन ली. मान भी ली."

गौतमनं मान खाली घातली. अकरा दिवस, चार महिने, नागपूरचा तो माणूस, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

विपुलसाहेबांनी ड्रॉवरमधून एक भरलेला फॉर्म काढून त्याच्यापुढं सरकवला. "आपकी जगह का आदमी मिल गया है. काम पूरा आता है, नयी मशीन भी. पहली तारीख से आप फ्री."

गौतमनं फॉर्म वाचला. परत वाचला.

तर मंडळी, गुरुवारी संध्याकाळी महाराजपुरात गौतमबुवांचं कीर्तन रंगात आलं की मोकळ्या मनानं दाद द्या. फक्त त्याच वेळी रिछाईत, दुसऱ्या पाळीला, लेकाच्या स्टुलावर बसून तोट्या तपासणाऱ्या, आणि फॉर्मवर 'नोकरी कशासाठी हवी' या रकान्यात 'मुलगा फार छान कीर्तन करतो' एवढंच लिहिणाऱ्या त्रेसष्ट वर्षांच्या बाबारावांची तेवढी आठवण ठेवा.