वरचा मजला

चौकटींच्या कागदावर निळी रेघ घरांची होती, तांबडी दुकानांची. कागद ओव्हरसियर घाणेकरांच्या टेबलामागे भिंतीवर डकवलेला होता. महिन्याभरात नगरपालिकेने जितक्या बांधकामांना परवानगी दिली असेल, तितक्या उंचीवर ते एक टिंब देत आणि मागच्या टिंबाला जोडत. लढाईच्या सगळ्या वर्षांत निळी रेघ तळाशीच राहिली होती. लोखंड मिळत नव्हते, सिमेंट मिळत नव्हते, आणि ज्यांच्यासाठी घरे बांधायची ती कराडच्या आसपासची पोरे पलटणीत होती. दिवाळीनंतर मात्र रेघ एका चौकटीने वर चढली होती. पोरे घरी येत होती.

समोरच्या बाकावर बसलेले हंबीरराव त्या रेघेकडे बघत होते.

"या महिन्यात तरी नक्की ना?" घाणेकरांनी विचारले. "तीन सभा झाल्या, हंबीरराव. दर वेळी तुम्ही म्हणता थांबा, आणि मी नकाशा मागे ठेवतो. आज दुपारच्या सभेत तो गेला नाही, तर तुमच्या नावचं सिमेंट दुसऱ्याला जाईल."

"व्हय," हंबीरराव म्हणाले.

"ह्यांचं व्हय म्हंजे काय, ते मला इचारा," शेजारी बसलेल्या राहीबाई म्हणाल्या. "बैल घ्यायला जात्यात आन् तीन बाजार हिंडून मोकळा कासरा घिऊन घरी येत्यात. म्हून तर आज मी संगट आले. तुमी माज्याशी बोला, सायेब."

घाणेकर हसले. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर दौत, पट्टी आणि आपला चष्म्याचा डबा ठेवला.

"हे बघा. खाली रस्त्याच्या अंगाला सायकलींचं दुकान, वर राहायचं घर. मानसिंगनं भरती व्हायच्या आधीच असं योजलं होतं ना? मग राहिला फक्त जिना. तो आतून घ्यायचा की बाहेरून, एवढंच मला सांगा."

मानसिंग त्यांचा एकुलता एक मुलगा. इटलीतून परत आणल्यापासून तो पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता. भादव्यात हंबीरराव एकटेच त्याला बघून आले होते. अर्दलीने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून व्हरांड्यात आणले. मांडीवर घातलेले कांबळे गुडघ्यापासून खाली सरळ लोंबत होते. त्यात काही नव्हते. "आईला तुमीच सांगा, आबा," तो म्हणाला होता.

घरी आल्यावर हंबीरराव राहीबाईंना म्हणाले, "पायाला लागलंय. पर पोरगं बरं हाय." त्या पुण्याला निघाल्या, तेव्हा म्हणाले, "बायकांना आत सोडत न्हाईत." पुढे रोज सकाळी हंबीररावांना वाटे, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी राहीबाई चुलीपुढे बसून नव्या घराचे काही बोलत असत.

"जिना बाहीरनं," राहीबाई म्हणाल्या. "दुकानात गिऱ्हाइकं बसल्याली. उद्या सूनबाई येईल, तिनं घागर घिऊन त्यांच्यातनं जायाचं व्हय? आन् दगडी घ्या. लाकडाचा मानसिंगच्या पायाखाली टिकायचा न्हाई. एकेक पायरी चढणं त्या बाबाला ठावंच न्हाई. आमच्या भावाच्या माडीवर दोन-दोन पायऱ्या गाळत जायाचा, सगळं घर हालायचं. भाऊ म्हनायचा, ह्याला पयलं पलटणीत धाडा, माझी माडी वाचंल."

"म्हणजे दगडी, बाहेरून," घाणेकर म्हणाले. "रुंदी?"

"दोघं शेजारी चढतील एवढी."

घाणेकरांनी पट्टी लावली. पेन्सिलीचे टोक कागदावर टेकवले आणि सहज विचारले, "आता पाय कसा आहे मानसिंगचा? लागलं होतं ना?"

"बरा हाय की. ह्येच बघून आल्यात." राहीबाई नवऱ्याकडे वळल्या. "आवं, सायेब इचारत्यात. बरा हाय न्हवं पाय?"

हंबीररावांनी डोक्याचे मुंडासे काढले, मांडीवर ठेवले, आणि पुन्हा उचलून हातातच धरले.

"हे आसं," राहीबाई म्हणाल्या. "आता संध्याकाळपतोर बसा. सायेब, तुमी वढा रेघ."

"नका वढू," हंबीरराव म्हणाले.

घाणेकरांनी पेन्सिल उचलली. हंबीरराव उठून टेबलाजवळ आले. नकाशावर वाकले, पण त्यांनी हात लावला नाही.

"वरचा मजला नको, सायेब."

"ऐका!" राहीबाई कपाळाला हात लावून हसल्या. "मग सूनबाईला काय सायकलींत झोपवायचं? मानसिंग आला म्हंजे त्याला काय सांगा..."

त्यांचे लक्ष हंबीररावांच्या तोंडाकडे गेले. हंबीरराव आता त्यांच्याकडे वळले होते. बोलले ते घाणेकरांशी, पण बघत राहिले राहीबाईंकडेच.

"घर खालीच करा. समदं जमिनीला लागून. आन् दाराला उंबराबी ठिवू नका."