साक्षीदार

समोरच्या मोकळ्या जागेवर छोटी, परवडणारी घरं बांधायचं ठरलं आणि एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न पाहणारी आमची गल्ली एक झाली. "इथे आधीच मुंगीला शिरायला जागा नाही," हे सुनावणीत पटवून द्यायचं होतं. पण गर्दीची साक्ष द्यायची, तर आमच्यापैकी कुणीच बसने जात नव्हतं. मग गल्लीतले वकीलकाका त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळणाऱ्या ताईंना घेऊन आले.

"घाबरायचं काय त्यात? त्या घरांचीच सुनावणी आहे. रोज कशी येतेस ते खरं खरं सांग, बाकी मी बघतो," काका ताईंना म्हणाले.

सुनावणीत ताई उभ्या राहिल्या. "दोन बस बदलून येते, साहेब. इकडची बस इतकी भरलेली असते, की दारात लोंबकळावं लागतं. निघते तेव्हा मुलगी झोपलेली असते आणि परत जाते तेव्हाही. परवा ती तापाने फणफणली होती, तेही मला शेजारणीने सांगितलं."

साक्ष झाल्यावर ताईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि या भागावर आणखी भार नको म्हणून ती घरं रद्द केली. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या.

बाहेर आलो तर ताई बाकावरून उठून लगबगीने वकीलकाकांकडे आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.



"टाळ्या ऐकल्या मी, काका. मिळालं ना हो आम्हाला घर?"